उलट्या पिळाचं सूत

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसते. तुम्हाला सांगतेय, पण तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. विश्वास माझा कुणावरच नसतो. तुम्ही हे वाचून कुणाला सांगाल, कसं सांगाल, त्यात काय मीठमसाला घालाल — हे सगळं माझ्या मनात आत्ताही चालू आहे. असो. सांगते.

आधी माझा स्वभाव सांगितला पाहिजे. तेलाच्या बाटलीवर नखाने खूण करणारी बाई पाहिली आहे कधी? ती मी. भाजीवाली तराजू धरते तेव्हा मी भाजीकडे बघत नाही, तिच्या करंगळीकडे बघते. माझी आई म्हणायची, हिची सावली हिच्या मागे आली तरी हिला वाटतं काहीतरी उचलायला आली. लोक हसायचे, मीही हसायचे. मला तर त्याचा अभिमानच होता. वाटायचं, घर सांभाळायचं तर कुणीतरी डोळे उघडे ठेवायला नकोत का?

आमचं गाव रायगडात, तळा तालुक्यात, अगदी आत. घरची थोडी भातशेती, नवरा रोह्याला कंपनीत. मी अलिबागला जाऊन हातमागाचं शिक्षण घेतलं आणि एक छोटा माग घरी आणला. ओटीवर खिडकीशी तो लावला. पंचे, टेबलावरची कापडं, उपरणी विणते. बंगलेवाले लोक हौसेने घेतात. आणि घरात सूत कातणाऱ्या होत्या आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे शाळामास्तर होते. त्यांनी लग्नानंतर आईंना दोनच गोष्टी शिकवल्या, सही करायला आणि टकळी फिरवायला. मास्तर गेले, पण टकळी काही आईंच्या हातून सुटली नाही. दुपारी जेवण झालं की दारात बसायचं, एका हातात पेळू धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी टकळीला गिरकी द्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत सूत ओढत राहायचं. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या कांड्या. आमच्या कोकणात कापूस कुठला पिकायला? ते पार्सलने विदर्भातून येतात. पत्र्याच्या मोठ्या डब्यात मी ते ठेवायचे. मोजून, अर्थातच.

घरात आणखी एक माणूस होतं. शैला, माझी धाकटी जाऊ. माझे दीर काविळीने गेले तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. माहेर दिघीला, तिथे भाऊ-भावजय. पण ती गेली नाही. मागच्या अंगणाकडची खोली तिची होती, तिथेच राहिली. कामाला वाघ. बोलायला मात्र — काय सांगू — दगडाला पाझर फुटेल, पण शैलाला शब्द फुटणार नाही. आणि न बोलणाऱ्या माणसाचा मला फार संशय येतो. बोलणारा निदान काय लपवतोय ते कळतं. ही काय लपवते?

मयुरीचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं तेव्हा आईंनी जाहीर केलं, "अंतरपाट इकत आणायचा न्हाय. सूत माजं, इणायचा तू." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? नवरा-नवरीच्या मध्ये धरलेलं ते कापड सगळ्या मांडवाच्या डोळ्यांसमोर असतं. माझ्या हातचं काम सगळ्या नातेवाइकांनी बघावं, असं कुणाला वाटणार नाही? उभे धागे गिरणीचे घ्यायचे ठरलं, कारण हातसूत उभ्याला तुटतं. ते सर्वांना ठाऊक होतं. पण आडवं सूत सगळं आईंचं.

त्याच सुमाराला आईंचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग सुतात. कुठे जाड, कुठे केसासारखं बारीक, जागोजाग गाठी. आणि मी एक लडी त्यांच्यासमोर धरून म्हटलं, "आई, हे असलं सूत पोरीच्या अंतरपाटाला नाही चालायचं हो. पुरे करा आता."  त्या टकळी उचलून आत गेल्या.

आठवडाभराने सूत एकदम सुधारलं. एकसारखं, घट्ट, सुरेख. मला काय वाटलं असेल? वाटलं, बघा, माझं बोलणं लागलं. थोडं टोचलं की माणूस सरळ होतं. त्यांच्या बोटांना रोज तेल चोळत होते, त्याचंही श्रेय मी स्वतःला देऊन टाकलं. संशयी म्हणवते स्वतःला आणि ज्याचा संशय यायला हवा होता तिथे नेमकी आंधळी झाले.

कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. डब्यातले पेळू भराभर कमी व्हायला लागले होते. आई दिवसाला दोन-तीन कातायच्या. डब्यातून जायचे सहा-सात. मी मोजायचे, झाकण विशिष्ट तऱ्हेने लावायचे — कडेचा पोचा भिंतीकडे. दुपारी येऊन बघावं तर पोचा दाराकडे. घरात दुपारी कोण? आई आणि शैला. एकदा मी मागच्या दारातून पाहिलं, शैला पदराखाली काहीतरी धरून खोलीत चालली होती. मला बघितल्यावर पाय उचलला तिने.

आता गंमत बघा. पेळू गेलेले मी रोज मोजले. सूत किती आलं, ते एकदाही मोजलं नाही. संशयी माणूस गेलेलं मोजतो, आलेलं मोजत नाही. मोजलं असतं तर सगळं त्याच दिवशी समजलं असतं. पण मला समजून घ्यायचं नव्हतं, मला पकडायचं होतं. मी मनात पूर्ण कथा रचली. शैलाच्या भावजयीचं दिघीला पूजेच्या सामानाचं दुकान आहे. शैला आमचा चांगला कापूस तिकडे पाठवते, भावजय त्याच्या फुलवाती करून विकते. दर महिन्याला माहेरचं माणूस येतं ते कशाला? शैला त्याला फणसपोळीचा डबा देते, त्या डब्यात खाली काय असतं? रात्रंदिवस हेच. फुलवातीसाठी कुणी जाऊन पेळू चोरेल का, साधा कापूस काय कमी मिळतो? हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तरी मी त्याला बसायला पाट दिला नसता.

मग पापडांचा दिवस आला. लग्नाचे पोह्याचे पापड, आळीतल्या आठ-दहा बायका ओटीवर लाटायला बसलेल्या. आई भिंतीला टेकून लाट्या करून देत होत्या. त्या सकाळी मी शैलाच्या खोलीत गेले होते. म्हणजे ती विहिरीवर गेल्याची खात्री करून गेले होते. तिच्या तांदळाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेले सहा पेळू सापडले. मी तेव्हाच तिला बाजूला बोलावून विचारू शकले असते. नाही विचारलं. सगळ्या जमेपर्यंत थांबले. ते फडकं बायकांच्या मधोमध पोळपाटांवर टाकलं आणि म्हटलं, "शैला, हे तुझ्या खोलीत कसे?"

सगळ्यांची लाटणी थांबली. शैलाने माझ्याकडे नाही, आईंकडे बघितलं. आईंनी मान खाली घातली आणि लाटी चोळत राहिल्या. मी ते पाहिलं होतं, बरं का. माझ्या नजरेतून सुटत नाही काही. पण त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला — म्हाताऱ्या माणसाला लाज वाटली सुनेची.

"मीच घेतले, वैनी," शैला म्हणाली.

"कशाला? वाती करायला?"

"तुमी म्हणाल तसं."

एवढंच. मी सगळ्या बायकांकडे बघितलं. तोंडाने नाही म्हटलं मी 'चोर'. ते काम एका बाईने केलं, "अगं बाई, घरातच चोर!" असं म्हणून. मी तिला गप्प केलं नाही. शैलाने तिच्या वाटणीचे पापड लाटून पुरे केले, हात धुतले आणि चार दिवसांनी दिघीला गेली. नवरा म्हणाला, जाऊ दे, लग्नघरात तमाशा नको, मागाहून बघू. गावात काय ते पसरायला एक संध्याकाळ पुरली.

इथवर जे झालं, ती चूक होती असं कुणी म्हणू शकेल. संशयाने डोळे फिरतात, माणसाचं चुकतं. पण माझी खरी गोष्ट इथून पुढे आहे. ही चूक नव्हे.

अंतरपाट मागावर होता. सुरुवातीचा वीतभर भाग मी आईंना बोलण्याआधीच विणला होता, तो त्यांच्या जुन्या, गाठीगाठीच्या सुताचा. त्यापुढे नवं सुंदर सूत. हातभर विणून झालं आणि एका सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा दिसलं, वीतभर भाग वेगळा चमकतोय आणि पुढचा वेगळा. जणू एकच रंग दोनदा लावलाय. मला वाटलं, सूत मळलंय. तेवढ्यात धोट्यातला धागा संपला. नवा धागा जोडायला मी हाताशी उरलेल्या आईंच्या जुन्या सुताचं एक टोक घेतलं, बोटं ओली केली, दोन्ही टोकं एकत्र वळली. ती बसेनात. एक घट्ट होतंय तर दुसरं उकलतंय. पुन्हा वळली, पुन्हा उकललं.

मी दोन्ही धागे उन्हात धरले. पीळ उलटा होता. आईंच्या सुताचा पीळ एका बाजूला तिरपा जायचा, या सुताचा बरोबर त्याच्या उलट.

टकळीचं असं असतं, उजव्या हाताने गिरकी दिली की पीळ एका बाजूचा पडतो, डाव्या हाताने दिली की दुसऱ्या बाजूचा. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच होतं. डाव्या हाताने विळीवर भाजी चिरायची, डाव्या हाताने भाकरी थापायची. नवी नवरी असताना मीच तिला त्यावरून चिडवलं होतं.

मी सगळ्या लड्या काढल्या. एकेक धागा ओढून, उकलून पाहिला. मी आईंना बोलल्यानंतरचं सगळं सूत शैलाचं होतं. आई कातायला बसायच्या, टकळी नुसती फिरवायच्या, आणि पेळू शैला घेऊन जायची. मागच्या खोलीत बसून कातायची आणि लड्या आईंच्या पेटीत ठेवायची. का, ते सांगायला हवं? मी म्हातारीला 'पुरे करा आता' म्हटलं होतं म्हणून. आळीतल्या बायकांसमोर शैलाने खरं सांगितलं असतं तर आईंची मान खाली गेली असती. म्हणून तिने आपली घातली.

हे मला माहेरी गेलेल्या बाईला एक फोन करून दुरुस्त करता आलं असतं. लग्नाला अजून तीन आठवडे होते. दिघी काय परदेशात आहे? पण मी काय केलं? मी आधी ओटीचं दार लावून घेतलं. मग इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मग आईंच्या सुताचा वीतभर भाग सोडून बाकीचं विणलेलं उसवायला बसले.

विणण्याला लागतो त्याहून जास्त वेळ उसवण्याला लागतो. अडीच दिवस लागले. धागा ओढायचा, गुंडाळायचा, फणी मागे घ्यायची. मनाला मी सांगत होते — विधवेच्या हातचं सूत मुलीच्या अंतरपाटात नको. शोभतं का हे मला? मी अंगणवाडीच्या बायकांना अंधश्रद्धेवर लेक्चर देणारी. आणि दुसरं, आईही विधवाच होत्या की! त्यांच्या सुताचं मला काहीच वाटलं नव्हतं. तेव्हा हे कारण माझं मलाही पटलं नाही, एक दिवससुद्धा नाही. खरं कारण एवढंच की ते सूत शैलाच्या बाजूने साक्ष देत होतं आणि कापड कुणी उन्हात धरलं तर मी खोटी पडणार होते. उसवलेलं सगळं सूत आणि उरलेल्या लड्या मी न्हाणीच्या चुलीत घातल्या. हातसूत फार छान जळतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी त्या पाण्याने आंघोळ केली. नवरा म्हणाला, आज पाणी मस्त कढत आहे.

उरलेला अंतरपाट मी उभ्या धाग्याच्या शिल्लक सुताने विणला. गिरणीचं सूत, गुळगुळीत. ओळखायला यायचं नाही, असा मला भरवसा होता.

लग्नात मांडवभर कौतुक झालं. माझा नवरा माईकवरून म्हणाला, आजीच्या हातचं सूत आणि आईच्या हातचं विणकाम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइल वर धरून फोटो काढले. मी पदर सावरत हसले. शैलाला पत्रिका पाठवली होती, पोस्टाने, म्हणजे ती येणार नाही अशी. अक्षता पडल्या, अंतरपाट काढला आणि कुणीतरी प्रेमाने तो घडी करून पुढच्या खुर्चीवर बसलेल्या आईंच्या मांडीवर ठेवला.

आईंची नजर अधू झाली होती, बोटं नव्हती. त्यांनी घडी उलगडली. एका कडेपासून बोटं फिरवत निघाल्या. वीतभर गेल्यावर थांबल्या. पुन्हा मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मी समोरच उभी होते, हातात पेढ्यांचं ताट. त्यांनी वर बघितलं.

"शैलीचं सूत कुटं गेलं गं?"

वाजंत्री जोरात वाजत होती. मी कानाला हात लावून, ऐकू येत नाही असं दाखवलं आणि ताट घेऊन पुढच्या रांगेकडे गेले.

त्यानंतर आईंनी टकळीला हात लावला नाही. मला काही बोलल्याही नाहीत. त्यांना वाटत असावं, आपणही त्या दिवशी गप्प बसलो, आता कोणत्या तोंडाने बोलायचं. मी हे ओळखून होते आणि त्याचा मी फायदा घेतला. पावसाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मात्र रोज एकच धोशा लावला, "शैलीला बोलीव. मला तिला काय सांगायचं हाय." मी म्हणायचे, "हो, लावते फोन." मग मागच्या दारी जायचे, उभी राहायचे, परत यायचे आणि सांगायचे, "दिघीला रेंज नाही हो, लागत नाही." किती वेळा सांगितलं असेल? त्या ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "आज तरी लागंल का?" म्हटलं, बघते. फोन तेव्हा माझ्या हातातही नव्हता, फडताळात चार्जिंगला होता.

शैला आली ती त्या गेल्यावर. कुणीतरी गावातल्याने कळवलं. तिने आईंच्या पायांशी बसून खूप रडून घेतलं. मी तिला पाणी दिलं.  तिला अजूनही ठाऊक नाही की मला ठाऊक आहे. किंवा असेल, तिच्या मनातलं मला कधी कळलंय? गावाला मात्र ठाम ठाऊक आहे की शैला चोर आहे. परवाच एक शेजारीण म्हणाली, तुम्ही किती मोठ्या मनाच्या, तिला अजून घरात घेता. मी म्हटलं, चालायचंच.

तिची खोली आता माझी झाली आहे. माग तिथेच हलवला, उजेड चांगला येतो.

ती दर वर्षी पितृपक्षात येते, आईंच्या तिथीला. सकाळी पहिल्या एसटीने. स्वयंपाकाला हातभार लावते, अळूची भाजी तिच्यासारखी मला जमत नाही. सगळ्यांची पानं उठली की शेवटी जेवते, भांडी घासते. मग निघताना दारात येते, खांद्यावरची पिशवी खाली ठेवते, चेन उघडते आणि एकेक वस्तू बाहेर काढून पायरीवर मांडते. एक लुगडं. पाण्याची बाटली. गोळ्यांची पट्टी. मी भरून दिलेला खिरीचा डबा, त्याचं झाकणही उघडते. मी कधी तसं सांगितलेलं नाही. तिच्या तोंडावर राग नसतो, टोमणा नसतो. दुकानातून निघताना बिल दाखवावं, तशी दाखवते.

"बघून घ्या, वैनी," म्हणते.

आत काही नसतं. ते मला तिच्याआधी माहीत असतं. आणि तरी मी वाकते, पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद करते आणि तळापर्यंत बघते.